ज्याचं त्यानं धुवायचं

तुम्हाला माहीत होतं.

अध्यक्ष, मी घोळवून बोलणाऱ्यांतला नाही. शाळा मी अर्धी टाकली आणि पुढचं सगळं मशीनं उघडून उघडून शिकलो, त्यामुळं मला एवढंच कळतं की एखादी गोष्ट हलत असेल तर ती का हलते ते बघायचं, आणि बघून गप्प बसायचं नाही. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीचा कठडा हलत होता. तुम्हाला ते माहीत होतं. माझी बायको ओली चादर तारेवर टाकायला त्या कठड्यावर वाकली, कठडा गेला, त्याच्याबरोबर तीही गेली. आणि वर्ष उलटायच्या आत तुम्ही तिच्या नावाची पाटी रंगवून घेतलीत आणि मला न विचारता माझ्या लॉन्ड्रीवर लावलीत. तोवर मी गप्प होतो. तुम्ही पाटी लावली नसतीत तर कदाचित जन्मभर गप्प राहिलो असतो. आपल्या हातानं आपलं उकरलंत.

त्या सकाळी मी खांद्यावर पाण्याच्या नळ्यांचं वेटोळं घेऊन फाटकातून आत आलो तेव्हा पेंटर शिडीवर उभा राहून शेवटचा स्क्रू पिळत होता. पाटी निळी, अक्षरं पांढरी, आणि त्या अक्षरांत ती. मी घरात मारायचो ती हाक नव्हे. सरकारी कागदावर असतं तसं तिचं पूर्ण नाव, आणि खाली बारीक अक्षरांत सेल्फ सर्व्हिस लॉन्ड्री. ते नाव मी इथं उच्चारणार नाही. तुम्ही ते हातभर लांब लिहून घेतलं होतंत, तेवढं पुरे झालं. अंधाऱ्या जिन्यात शेवटची पायरी संपलीय हे न कळून माणूस आणखी एक पाय टाकतो, आणि खाली काहीच नसतं, तेव्हा पोटात जो खड्डा पडतो तो तिथं फाटकात, सपाट फरशीवर, उजेडात पडला. नळ्या खांद्यावरून घसरल्या. पेंटरनं वरून पाहिलं. त्याला वाटलं मी खूश झालो.

“कसं वाटतंय?” 

“कुणी सांगितलं?” 

“अध्यक्षांनी. तुम्हाला आधी कळू द्यायचं नाही म्हणाले. सगळं त्यांच्याकडून, तुम्ही खिशात हात घालू नका.” मग तो पाटीकडे मान वाकडी करून बघत म्हणाला, “कोण या? आई तुमच्या?” 

“बायको.” 

तो दोन पायऱ्या खाली उतरला. स्क्रूड्रायव्हर पायजम्याला पुसला. “असंय होय. तरीच म्हणाले, अक्षरं जरा हळवी काढ.” 

“हळवी म्हणजे कशी?” 

“म्हणजे गोलाई जास्त,” तो म्हणाला. “टोकं काढायची नाहीत.”

टोकं काढायची नाहीत. तुमचा सगळा कारभारच तसा. ती गेली त्यानंतरच्या सभेत तुम्ही चौकात खुर्च्या मांडून बोललात तेही असंच गोल होतं. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि माझ्या पायाखालची फरशी नवी होती, बाकीच्यांपेक्षा उजळ. तुम्ही तेवढ्या फरशा बदलून घेतल्या होत्या, कठड्याला मात्र हात लागला नव्हता, तिथं प्लायवुड ठोकलं होतं. आपल्या इमारतीत एक दुर्दैवी प्रकार घडला, असं म्हणालात. प्रकार. जशी काही नळाला हवा आली. मग म्हणालात की कपडे वाळवायच्या तारा सोसायटीनं बांधलेल्या नाहीत, त्या रहिवाशांनी आपल्या हौसेनं कठड्यांना बांधल्या, तारेच्या ओढीनं कठडा निखळला, याला कोण काय करणार. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. माझी मान माझ्याआधी हलली. माणसाला एखादं कारण मिळालं की तो बुडता जसा काडी धरतो तसं धरतो, मग ते कारण त्याच्याच मेलेल्या बायकोला दोषी ठरवणारं का असेना. घरी गेल्यावर मला कळलं की मी कशाला मान डोलावली. मी मोरीत जाऊन उभा राहिलो आणि तिथं तिची बादली तशीच होती, तळाशी चिमटे.

त्या तारेबद्दल तुम्हाला काही माहीत नाही, म्हणून सांगतो. आमच्या गॅलरीच्या समोर, चौकापलीकडे, दुसरी गॅलरी आहे. तिथं राहते तिला आमच्या घरात समोरचीच म्हणायचे. शिवणकाम करते, सासऱ्याला सांभाळते. दोन्ही कठड्यांना एकेक कप्पी आणि दोन्हीमधून फिरणारी एकच तार. ही कल्पना माझ्या बायकोची, कप्प्या मी बसवल्या. सकाळची तार आमची, दुपारची समोरचीची. ही इकडून एक कपडा लावायची, चिमटा मारायची, तिकडून समोरची तार ओढायची, कपडा हातभर पुढं जायचा, मग दुसरा. दोघींना एकमेकींच्या घरचं सगळं तारेवरून कळायचं. कुणाच्या चादरी लवकर लवकर धुतल्या जातायत म्हणजे घरात आजारी कोण, कुणाचा नवा कुर्ता, कुणाचा तोच तो. तारेला दोन हिसके म्हणजे चहाला ये. एक लांब ओढ म्हणजे आज मन ठीक नाही, विचारू नको. मी कधीतरी सुटीच्या दिवशी घरी असलो की बघायचो, चौकावरून माझी बनियन हळूहळू परक्या घराकडे निघालेली, आणि ही हसायची, “बघ, तुला समोरचीकडे पाठवते, ठेवून घेईल का विचारते.” ती सगळ्यांना नावं ठेवायची. वाईट अर्थानं नव्हे, खरोखरच नावं. माझ्या हत्यारांच्या पेटीला ती सवत म्हणायची. समोरचीला माझं दुसरं टोक म्हणायची. तुमचंही एक ठेवलं होतं. ते मी सांगत नाही. तेवढी एक गोष्ट तुमच्यापासून राखून ठेवतो.

म्हणून लॉन्ड्रीला नाव ठेवायची वेळ आली तेव्हा घरात सगळे बसले आणि कुणालाच काही सुचेना. ताई आली होती, माझी थोरली बहीण, आणि मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मेहुण्यानं आल्याआल्या चकाचक, फटाफट, फेसाळ अशी नावं फेकायला सुरुवात केली. ताई म्हणाली, “असली नावं काय, रस्त्यावर चाकू विकल्यासारखी! नाव असं पाहिजे की घेतल्याबरोबर कपड्याचा वास आला पाहिजे.” 

“मग ‘मोजे’ ठेवा,” मेहुणा म्हणाला. 

ताई हसली, मी हसलो, आणि मग तिघांनीही एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथून चौथं हसू यायला हवं होतं, आणि त्याच्यामागून एक नाव, बरोब्बर, तिथल्या तिथं चिकटणारं. ते आलं नाही. मेहुण्यानं पाण्याचा ग्लास उगाच उचलला आणि खाली ठेवला. शेवटी ताई दबक्या आवाजात म्हणाली, “तिचंच नाव दे की रे.” मी म्हणालो, नको. का, ते मला सांगता आलं नाही. मला दुकानाला नावच नको होतं. भिंतीवर खडूनं ‘कपडे धुवायची मशीनं’ असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण आता वाटतं, माझ्या आतल्या कुणाला तरी आधीच कळलं होतं की तिचं नाव एकदा दारावर चढलं की तिचं काय झालं हे विचारायची सोय राहणार नाही. नावाखाली दिवा लावला की माणसं आपोआप हळू बोलतात.

आणि ही लॉन्ड्री मुळात कुठून आली? तुमच्या नियमातून. सभेत तुम्ही ठरवलंत की यापुढं गॅलरीत एक रुमालसुद्धा दिसता कामा नये, तारा कापून टाका. एका सकाळी सगळ्या तारा कापल्या गेल्या, आणि महिन्याभरात इमारतीची दमट पेटी झाली. खुर्च्यांच्या पाठींवर पँटी, दारांवर साड्या, पंख्याखाली गोल फिरणारे लहान मुलांचे शर्ट. जिन्यात शिरलं की कुबट वास नाकात बसायचा. मी घरोघरी मशीनं दुरुस्त करायला जायचो तेव्हा बायका ओले कपडे बाजूला सारून मला वाट करून द्यायच्या, आणि माझ्याकडे अशा बघायच्या की जणू तो ओलावा मीच घरात आणला होता. कीव होती ती, पण कीवही कुबट असते. मग तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत. ‘बसा’ म्हणालात. आजवर कधी म्हणाला नव्हतात. 

“तुम्ही मशीनवाले,” तुम्ही म्हणालात, “खाली चौकातली खोली भंगारानं भरलीय. ती घ्या. भाडं नावाला. धुवायची मशीनं ठेवा, वाळवायची ठेवा. तुम्हालाही आधार, लोकांचीही सोय.” 

“माणूस लागेल हाताखाली,” मी म्हणालो. 

“कशाला? सेल्फ सर्व्हिस. लोक येतील, टाकतील, बटण दाबतील, आपापलं घेऊन जातील. तुम्ही फक्त कुलूप उघडायचं. कुणाचा डाग गेला नाही, कुणाचा रंग दुसऱ्याला लागला, तुमचा संबंध नाही. ज्याचं त्यानं धुवायचं.” आणि मग, मी उठताना, “झालं गेलं आता मागं टाका. तो विषय नको पुन्हा.”

मी खोली घेतली. कुणी गळ्याला फास लावून घ्यायला लावली नाही. मला वर त्या घरात दिवस काढवत नव्हता, प्लायवुडमागून वारा शीळ घालायचा. हातांना काहीतरी पाहिजे होतं. एका बंद पडणाऱ्या हॉटेलातून जुनी मशीनं आणली, खोलली, बेअरिंगं बदलली, रबरं बदलली, आणि ड्रम हातानं फिरवून फिरवून कान लावून ऐकत बसलो. कामात बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय हे लक्षात आलं की पाना खाली ठेवायचो. ती पडली म्हणून नियम आला, नियमामुळं ओले कपडे, ओल्या कपड्यांमुळं माझा धंदा. आता त्या साखळीचं पहिलं कडं कोणतं आणि शेवटचं कोणतं, सांगा. वाळवायच्या मशीनची गरम हवा बाहेर काढायला भिंतीला भोक पाडलं तर ते नेमकं चौकात, त्या उजळ फरशांवर उघडलं. दुसरीकडं काढता येत नव्हतं, बाकीच्या बाजूंना जिना आणि टाकी. पहिल्यांदा मशीन चालवून बघितलं तेव्हा बाहेर जाऊन मी त्या झोताखाली हात धरला. गरम, साबणाची हवा. ती कपड्यांच्या घड्या घालत असताना मागून जाऊन मानेजवळ नाक नेलं की असाच वास यायचा. मी हात मागं घेतला.

पाटी लागली त्या सकाळी पेंटर गेल्यावर मी आत जाऊन मशीनमागं जमिनीवर बसलो. नळ्या जोडायच्या होत्या, जोडल्या नाहीत. बाहेर माणसं येऊन पाटी वाचत होती आणि तुमची तारीफ करत होती. “मन मोठं आहे हो माणसाचं.” “तिच्या जिवाला शांती.” कुणीतरी हळूच पायातली चप्पल काढल्याचा आवाजही मी ऐकला. म्हणजे एका तासात तिचं देऊळ झालं होतं. आता तिच्याबद्दल कोण काय विचारणार? देवळात का कुणी विचारतं की हा दगड इथं कसा पडला?

मग समोरची आली. शटरखालून वाकून आत आली, कारण मी ते अर्ध्यावर ओढलं होतं. माझी बायको गेल्यापासून समोरची चौकातून जाताना भिंतीला धरून जायची, फरशांकडे बघायची नाही. तिच्या बोटाला सुई लागू नये म्हणून घालतात ते अंगठीसारखं टोपण तसंच होतं, शिवणावरून उठून आली असावी. 

“भाऊ, ती पाटी काढा.” 

“का वहिनी? छान अक्षरं आहेत. हळवी आहेत.” 

“थट्टा करू नका. मला ती वरून दिसते. शिवणाच्या मशीनवर बसलं की समोर तीच. त्या माणसानं लिहिलेलं तिचं नाव मी रोज नाही बघू शकत.” 

“त्या माणसानं काय केलं?” मी विचारलं. अगदी सहज विचारलं, खरंच. मला वाटलं, ती नियमाबद्दल म्हणतेय.

ती रिकाम्या ड्रमच्या काचेत बघत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते असं. आपला जिना चौकाच्या बाजूनं उघडा आहे, तिच्या गॅलरीतून तिसऱ्या मजल्याचं वळण पूर्ण दिसतं. एका सकाळी माझी बायको तार अर्धी सोडून खाली उतरली, कारण वळणावर तुम्ही चढताना दिसलात. समोरचीच्या हातात तार होती, ती वाट बघत उभी राहिली. “त्यांच्याशी बोलली ती. ऐकू काही आलं नाही, खाली पंप चालू होता. पण तिनं हात असा धरला,” समोरचीनं दोन्ही मुठी हवेत धरल्या, सायकलचं हँडल धरावं तशा, “आणि हलवून दाखवला. असा. पुढं-मागं. मग वर बोट केलं, आपल्या गॅलरीकडं. दुसरं काय असणार भाऊ ते?” 

“मग?” 

“ते हसले. काहीतरी म्हणाले. तीही हसली, तोंडावर हात घेऊन. मग वर आली. मी ओरडून विचारलं, काय म्हणाले गं? तर म्हणाली, जाऊ दे, तू ओढ. मग ओढली मी तार.” 

“ही कधीची गोष्ट?” 

“त्यानंतर पाचसहा धुणी झाली असतील, मग ती चादर,” ती म्हणाली. कपडे धुणारी माणसं काळ असाच मोजतात.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत. विचारायला नको होतं, कारण तिच्या चेहऱ्यावर ते उत्तर केव्हाचं तयार होतं. “घर त्यांच्या मालकीचं आहे आमचं. सासऱ्यांना घेऊन कुठं जाऊ?” मग टोपणाचं बोट दुसऱ्या हातात घट्ट धरून, “आणि तार माझ्या हातात होती, भाऊ. चादर जड होती, मी जोरात ओढली. एकदम हलकी झाली. सभेत ते म्हणाले ना, तारेच्या ओढीनं. मग मी कुठल्या तोंडानं बोलणार? मला वाटायचं मीच ओढलं तिला.”

अध्यक्ष, हे ऐका. तारेचं दुसरं टोक ज्या कठड्याला बांधलं होतं तो कठडा अजून उभा आहे. मी त्याच दिवशी समोरचीच्या गॅलरीत जाऊन त्याला लाथ घातली, ढिम्म हलला नाही. तार दोन्ही बाजूंना सारखीच ओढते, हे शाळा अर्धी टाकलेल्यालाही कळतं. आमचा गेला, कारण टाकीचं उतू जाणारं पाणी आमच्याच बाजूनं ओघळायचं आणि लोखंड पायाशी कुजून पापुद्रे धरलं होतं. ते पाणी सोसायटीचं. बाहेरच्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही, काही असेल तर अध्यक्षांना सांगायचं, हा नियम तुमचा. मी एकदा तिथं एक खिळा ठोकला तर तुम्ही मला चारचौघांत सुनावलं होतंत. तिला ते लागलं होतं. म्हणून तिनं मला कठड्याचं सांगितलं नाही. तिला माहीत होतं, मी सिमेंटचं घमेलं घेऊन स्वतःच बाहेर लटकलो असतो. मी दिवसभर लोकांच्या घरी, गॅलरी तिची. तिनं नियम पाळला. जिथं सांगायचं तिथं सांगितलं. या इमारतीत तुमचा नियम पाळून मेलेली ती एकटीच.

मी समोरचीला एवढंच म्हणालो, “तुम्ही नाही ओढलं.” ती मान हलवत राहिली, हो की नाही ते कळेना. जाताना म्हणाली, “त्या दिवसापासून हाताला वजनच कळत नाही. तांब्या भरलाय की रिकामा, बघावं लागतं.”

पेंटरला मी परत बोलावलं. तो वैतागला. “अहो, चांगली पाटी आहे. अध्यक्ष काय म्हणतील?” 

“ते काय म्हणतात तेच ऐकायचंय.” 

“नाव काय घालू?” 

“कठडा.” 

त्यानं रंगाचा डबा हलवायचा थांबवला. “कठडा? लॉन्ड्रीला?” 

“हो.” 

तो चौकात उभा राहून वर बघू लागला. चौथ्या मजल्यावर प्लायवुड आहे ते त्यानं पाहिलं. पेंटर लोकांना उंचीची नजर असते. त्याची नजर वरून सरळ खाली आली, उजळ फरशांवर, आणि तिथून माझ्यावर. मग डबा उघडत म्हणाला, “तीन अक्षरं. लवकर सुटू.” आणि थोड्या वेळानं, “टोकं काढू ना?” 

“काढा.”

उद्घाटनाला तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलात, कात्री स्वतःच्या खिशातून काढलीत. पाटीवर मी चादर टाकून ठेवली होती. कुठली चादर ते विचारू नका. सगळी इमारत चौकात जमली होती आणि तुम्ही बोललात, काय बोललात! आज ती आपल्यात नसली तरी नावानं आपल्यात राहणार आहे, उद्यापासून येताजाता प्रत्येकाच्या तोंडी तिचं नाव येईल, यापेक्षा मोठं स्मारक कोणतं. ताई पदरानं डोळे पुसत होती. मेहुणा माझा दंड धरून उभा होता, त्याला मी सांगितलं होतं. तुम्ही चादरीचं टोक धरलंत आणि ओढलंत. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि ती मधेच विरली. दुसऱ्या मजल्यावरची मास्तरीणबाई नुकतीच मोतीबिंदू काढून आलेली, तिनं डोळ्यांवर हात धरून मोठ्यानं वाचलं, “क-ठ-डा. कठडा? असं का बाई?” आणि मग तिचं तिलाच कळलं. तिनं तोंडावर हात घेतला.

“हा काय प्रकार आहे?” तुम्ही म्हणालात. पुन्हा प्रकार. 

“नाव आहे,” मी म्हणालो. 

“तिचं नाव होतं इथं.” 

“ते मी घरी नेलं. ते माझं आहे. हे तुमचं.” 

“शोभतं का तुम्हाला? लोकांच्या समोर…” आणि आवाज खाली आणून, “बाजूला या. आत बोलू.” 

“इथंच बोलू. तिनं तुम्हाला जिन्यात सांगितलं होतं, कठडा हलतोय. तुम्ही हसलात. काहीतरी म्हणालात. काय म्हणालात?” 

तुम्ही सगळ्यांकडे बघितलंत. वर समोरची तिच्या गॅलरीत उभी होती. ती आत गेली नाही. दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभी राहिली, अख्खी इमारत बघत असताना, घर तुमच्या मालकीचं असताना. तुमची नजर तिच्यावर गेली आणि तिथंच अडकली. मग तुम्ही म्हणालात, “जिन्यात शंभर माणसं शंभर गोष्टी सांगतात. मला आठवत नाही.” आणि पुढं, जरा जोरात, “तुम्हाला घरात राहून कळलं नाही, आणि मला जिन्यात कळायला पाहिजे होतं?” 

ते लागलं मला. लागावं म्हणूनच बोललात, आणि नेम चुकला नाही. रोज ड्रमला कान लावणाऱ्या माझ्या कानाला घरातला कठडा ऐकू आला नाही, हे मी मेल्यावरही माझ्याबरोबर येईल. पण ते माझं मी धुईन. तुमचं काय?

फीत न कापताच तुम्ही गेलात. कात्री टेबलावर राहिली, मी तिनं मशीनचे पट्टे कापतो. समोरचीला घर सोडायचा निरोप आला. मी निरोप्याला सांगितलं, ज्या दिवशी तिचं सामान जिन्यात येईल त्या दिवशी माझं तोंड पोलिसांत उघडेल. सामान अजून वरच आहे. आणि लॉन्ड्री चालते. लोक पहिले काही दिवस नाव घ्यायला कचरले, नुसतं खाली जाते म्हणायचे. मग सवय झाली. जिभेला कशाचीही सवय होते. आता जिन्यातून हाका येतात, “कठड्यावर चाललेय गं, तुझं काही आहे का?” “कठडा उघडलाय का बघ.” “अहो, कठड्यावर गर्दी आहे, मग जाऊ.” दिवसभर, सगळ्या मजल्यांवर. तुमचं दार पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. तुमच्या कानावर हे पडत नसेल असं होणार नाही. सुरुवातीला वाटलं होतं, मला समाधान होईल. नाही झालं. शब्द झिजतोय. मास्तरीणबाईची नात कठडा म्हणजे मशीनच समजते. थोड्या वर्षांनी कुणालाच काही टोचणार नाही, आणि तेव्हा तुमची गोलाई जिंकलेली असेल. म्हणून आत्ता विचारतो, शब्दाला धार आहे तोवर.

आज तुमच्या घरून पिशवी आली. बाई स्वतः घेऊन आल्या. तुम्ही कपडे बाहेर कुठंतरी पाठवत होतात म्हणे; त्या म्हणाल्या, पुरे झालं. पिशवी मशीनपाशी ठेवून मला म्हणाल्या, “यांना सांगून आले, कठड्यावर चालले. पेपर तोंडापुढं धरून बसले.” मी साबण कुठं घालायचा ते दाखवलं. त्यांनी बटण दाबलं, बाकावर बसल्या, आणि काचेकडे बघत म्हणाल्या, “मी विचारलं त्यांना. आठवत नाही म्हणतात. पण मग जेवले नाहीत.” म्हणजे तुम्हाला आठवतं.

बाई भाजी आणायला गेल्यात. तुमचे शर्ट माझ्यासमोर फिरतायत, काचेमागं. पांढरे, सगळे पांढरे. बाह्या काचेला येऊन चिकटतात, सोडतात, परत चिकटतात. मागच्या भिंतीतून गरम हवा चौकात जातेय. मला तुमच्याकडून माफी नको, पोलीस नकोत, भाड्यातली सवलत नको. मी तिच्याबरोबर एवढे दिवस काढले आणि तिला हसवणं मला फार क्वचित जमलं. माझ्या विनोदांवर ती म्हणायची, आता मी हसू का रडू ते आधी सांग. तुमच्या एका वाक्यावर ती तोंडावर हात घेऊन हसली आणि वर जाऊन पुन्हा त्याच कठड्यावर वाकली. म्हणजे तुमच्यावर विश्वास ठेवला तिनं. ते वाक्य तुमच्याकडे आहे आणि ते माझ्या घरातलं आहे. मी ते शंभर तऱ्हांनी बनवून पाहिलंय. करतो की, असं म्हणालात? वजन कमी करा, म्हणालात? एवढ्या लवकर नाही पडत हो कुणी, म्हणालात? प्रत्येक वाक्यावर मी तिला हसवून बघतो, आणि ती हसत नाही, नुसती बघते माझ्याकडे, कोरडे कपडे हातावर घेऊन.

मशीन थांबेल. शर्ट बाहेर येतील, वाळतील, तुम्ही ते घालून जिन्यानं खाली उतराल आणि या दारावरून जाल. मी इथंच असतो. सांगा. त्या वळणावर, पंप चालू असताना, तिनं मुठी हलवून दाखवल्या तेव्हा, काय म्हणालात तुम्ही तिला?